बास म्हणणारी

त्या वर्षी गावातले सगळे दोर आखूड पडले. दोर होते तेवढेच होते, विहिरींचं पाणी खाली गेलं होतं. ज्यांचं चाळीस हातांत भागायचं ते साठ हातांचा दोर मागायला लागले, आणि साठवाले आमच्या दारात उभे राहून "सत्तरचा होईल का हो?" असं हळूच विचारायचे, जशी काही त्यात त्यांचीच चूक होती. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि आमचा धंदा मात्र जोरात चालला होता. याची मला लाज वाटायची, पण संध्याकाळी, काम आवरल्यावर. दिवसा लाज वाटायला सवड नव्हती.

आमचा दोर वळायचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, शेडच्या तोंडाशी लाकडी चाक, आणि चाकापासून सरळ मागे गेलेली, पायांनी गुळगुळीत झालेली वाट. सासऱ्यांनी सुरू केला, आता आमचे हे आणि मी बघतो. कामाला माणसं तीन. एक फणीवाली मावशी. ती वाख विंचरायची. वाख म्हणजे घायपाताच्या पानांतून काढलेले धागे, केसांसारखे लांब आणि केसांपेक्षा हट्टी. मावशी सासऱ्यांच्या वेळेपासूनची, त्यामुळे मी मालकीण आहे हे तिनं कधी मनावर घेतलं नाही. दुसरी चाकवाली, दिवसभर चाक फिरवणारी. आणि तिसरा तिचा नवरा. त्यांना सगळं गाव रिव्हर्स म्हणायचं, मी रिव्हर्सभाऊ म्हणायचे.

कारण ते उलटे चालायचे. कमरेला वाखाचा भारा गुंडाळायचा, त्यातले चार धागे चाकाच्या आकड्याला अडकवायचे आणि बोटांनी धागे सोडत एकेक पाऊल मागे जायचं. चाक फिरतं, पीळ पडतो, माणूस मागे जातो. वाटेच्या शेवटापर्यंत गेलं की एक पदर होतो. असे तीन पदर एकत्र वळले की दोर. म्हणजे एका दोराला तीन फेऱ्या. पंचवीस वर्षं ते असे मागे मागे चालत आले होते. एका ट्रकवाल्यानं गमतीनं नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

उलटं चालणाऱ्याला मागचं दिसत नाही. मागचं बघायचं काम चाक फिरवणारीचं. चाकवाली एका हातानं चाक फिरवायची आणि डोळे नवऱ्याच्या टाचांमागे लावून बसायची. "डावीकडे सरका. कुत्रं बसलंय, थांबा, गेलं. या." आणि शेवटच्या खुंटीशी आले की, "बास." हे सगळं सांगता सांगता मधल्या वेळात दोघांचं भांडण चालायचं. त्या भांडणाची एक गंमत होती. सुरुवातीला भाऊ चाकाजवळ असायचे, तेव्हा दोघं हळू बोलायची, काही ऐकू यायचं नाही. जसजसे ते लांब जायचे तसा आवाज चढायचा. त्यामुळे भांडण कशावरून सुरू झालं हे त्या दोघांनाच ठाऊक, आणि ते कसं संपलं हे अख्ख्या गावाला. "मग ठेवा तुमच्या बहिणीला डोक्यावर बसवून!" हे वाक्य एकदा रस्त्यावरच्या सायकलवाल्यानं ऐकलं आणि तो पडता पडता वाचला.

लांब दोर करायचे म्हणजे वाटही लांब हवी, कारण पीळ लांबी खातो. सत्तर हातांच्या दोराला शंभर हातांची वाट लागते. आमची वाट कुंपणाशी संपायची. यांनी कुंपण तोडलं आणि वाट पलीकडच्या पडीक रानात नेली. तिथं दगडाची एक जुनी खाण आहे, दोन पुरुष खोल. खाणीच्या दहा पावलं अलीकडे यांनी नवी खुंटी ठोकली. मी म्हणाले, तिथं काहीतरी आडवं बांधा. हे म्हणाले, "बांधतो सवडीनं. आणि ती आहे की बघायला."

ती होती तोवर खरंच काळजी नव्हती.

एक दिवस सकाळी ती चाकाशी बसली तेव्हा तिचे ओठ सुकले होते. मी वाख भिजवत होते. ती म्हणाली, "वहिनी, अंगात कणकण आहे. दवाखान्यात जाऊन येऊ का?"

मी उठून तिच्या मनगटाला हात लावला. गरम लागलं. पण माझे हात पाण्यात राहून गार पडलेले, त्यांना सगळंच गरम लागतं, असं मी मनाशी म्हणाले. दारात तीन माणसं दोरासाठी उभी होती.

"तीन दोर होऊ देत," मी म्हणाले. "मग जा."

"बरं," ती म्हणाली.

तीन दोर म्हणजे नऊ फेऱ्या. तिनं नऊच्या नऊ फेऱ्या चाक फिरवलं. शेवटच्या फेरीला तिचं "बास" इतकं बारीक आलं की भाऊंनी लांबून विचारलं, "काय म्हणालीस?" तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. संध्याकाळपर्यंत दवाखाना बंद झाला. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. ताप डोक्यात गेला. शहरातल्या दवाखान्यात नेलं. सहाव्या दिवशी गाडी परत आली तेव्हा ती चादरीखाली होती.

तिनं सकाळी मला विचारलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही.

यांनी भाऊंना सांगितलं, "महिनाभर येऊ नकोस. पगाराची काळजी करू नकोस. घरी राहा." दोघं लहानपणापासूनचे सोबती, त्यामुळे अरेतुरे चालायचं. एवढं बोलून हे घरी आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अजून काय करता येतं अशा वेळी?" मला कुठं माहीत होतं. आमच्याकडे आजवर कुणाचं काही झालं नव्हतं. बोट कापलं तर काय करायचं ते ठाऊक होतं.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी भाऊ आले. वेळेवर आले. फाटकातून आत आले आणि फाटक उघडंच ठेवलं, मागून कुणीतरी येणार आहे अशा बेतानं. मग थांबले, वळले आणि स्वतःच लावून घेतलं.

"अरे, तुला सांगितलं ना," हे म्हणाले.

"घरी काय करू?" भाऊ म्हणाले. "चार पावलं गेलं की भिंत येते."

आम्ही त्या दिवसापासून ज्या चुका केल्या त्या सगळ्या प्रेमानं केल्या, एवढंच मी सांगू शकते. यांनी सगळ्यांना बजावलं, तिचं नाव काढायचं नाही. तिचं बसायचं लाकडी खोकं आणि त्यावरची तिनं शिवलेली गोणपाटाची उशी यांनी माळ्यावर पोत्यांमागे टाकली. खोकं होतं तिथल्या जमिनीवर एक फिकट चौकोन राहिला. भाऊंना दोर वळायचं काम द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. त्यांना सावलीत बसवून कात्री दिली आणि तयार दोरांची टोकं कापायला सांगितली. ते काम एरवी मी जाता-येता करायचे.

त्यांना बसता येत नव्हतं. पंचवीस वर्षं चालणारा माणूस, त्याचे गुडघे नुसते वर-खाली व्हायचे. एका टोकाला त्यांची दहा मिनिटं जायची. गिऱ्हाईक यायचं, बघायचं, आणि काय बोलावं न सुचून नको ते बोलायचं. एक जण आला आणि हसत म्हणाला, "काय रिव्हर्स, गाडी पार्क केली का?" मग त्याला आठवलं. कानापर्यंत लाल झाला, दोर उचलला आणि भाव न करता निघून गेला. भाऊ कात्रीकडे बघत राहिले.

शेडमध्ये कुणी बोलेना. मावशीसुद्धा गप्प, आणि मावशी गप्प म्हणजे पाऊस पडायला हवा होता. एवढा वाख विंचरला जात होता आणि फणीच्या करकरीशिवाय आवाज नव्हता. दारात मात्र माणसं वाढत होती. हे स्वतः उलटे चालून बघायचे, मी चाक फिरवायचे, आणि यांचे दोर मध्येच जाड, मध्येच बारीक व्हायचे. एक दोर विहिरीवर तुटला. घागर गेली. घागरवाली दारात आली आणि नुसता तुटका दोर ठेवून गेली.

तेव्हा भाऊ उठले. कात्री खाली ठेवली. म्हणाले, "मी वळतो."

यांचे डोळे भरून आले. दोन दिवस थांब म्हणाले आणि शहरात जाऊन एक मोटर घेऊन आले. पट्टा लावून चाकाला जोडली. तिच्या जागी दुसरं कुणी बसलेलं भाऊंना बघवणार नाही, असा यांचा विचार. मलाही तो पटला, कारण त्या जागी भाऊंसमोर बसायची पाळी माझ्यावर आली असती, आणि मला तिथं बसायचं नव्हतं. यांनी खुंटीपाशी चुन्याची जाड पांढरी रेघही मारली. "ही दिसली की थांबायचं," म्हणाले. रेघ मारताना हे खाणीकडे तोंड करून उभे होते. त्या बाजूनं ती छान दिसत होती.

"मोटर बरी आहे," मावशी इतक्या दिवसांनी बोलली. "भांडत नाही."

कुणी हसलं नाही. तिलाही हसू आलं नाही.

भाऊंनी भारा कमरेला बांधला, धागे अडकवले आणि मागे निघाले. बोटं तशीच चालत होती, सुंदर. मोटर एका सुरात गुरगुरत होती. पहिला पदर झाला. दुसरा झाला. हे खूश झाले, दारातल्या माणसांना म्हणाले, संध्याकाळपर्यंत चार होतील. मी हौदाशी वाख भिजवत बसले.

दुपारी केव्हातरी चाकापाशी खडखड झाली. बघते तर पदर सुटून आकड्याभोवती गुंडाळला जात होता. त्याचं दुसरं टोक कुणी धरलेलं नव्हतं. मी वर बघितलं. भाऊ पार लांब होते. कमरेचा वाख संपला होता. हात मात्र धागे सोडत असल्यासारखे चालूच होते, रिकामेच. आणि ते मागे चालत होते. पांढरी रेघ त्यांच्या पायाखालून केव्हाच पुढे आली होती, त्यांच्या डोळ्यांसमोर पडली होती, आणि ते चालत होते.

मी तोंड उघडलं. काय हाक मारावी तेच कळेना. भाऊ म्हणून ओरडले तर दचकतील. हे मोटर बंद करायला धावले. आणि मावशी हातातली फणी टाकून उठली आणि छाती फुटेल असं ओरडली, "बास!"

ते थांबले. टाचा गवताच्या काठावर होत्या. दोन-तीन खडे खाली गेले, ते तळाशी आपटल्याचा आवाज आला.

आम्ही पोचलो तेव्हा ते तिथंच खाली बसले होते, खाणीकडे पाठ करून. हे त्यांचा दंड धरून नुसते उभे राहिले. भाऊ म्हणाले, "आवाज आला नाही. मला वाटलं, अजून वाट आहे."

त्यांना घरी पोचवून आल्यावर हे मोटरीचा पट्टा काढायला लागले. मावशी फणीपाशी न जाता माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सूनबाई," ती म्हणाली, "त्याला पगार दिलास, सावली दिलीस, मोटर दिलीस. त्याच्या बायकोचं नाव तेवढं काढून घेतलंस. आणि त्या चाकापासून तू का पळतेस ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी इथंच बसले होते. मला कान आहेत."

मी हौदात हात घालून बसले होते. हात बाहेर काढायचं मला सुचलं नाही.

"मग त्याच वेळी का नाही बोललीस?" मी म्हणाले.

"नाही बोलले," मावशी म्हणाली. "दारात माणसं होती. मलाही वाटलं, तीन दोरांनी काय होतंय." ती गेली आणि फणीशी बसली. बराच वेळ तिनं वाख हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी काठाला आडवी लाकडी बल्ली बांधली, जी पहिल्याच दिवशी बांधायला हवी होती. मी माळ्यावर चढले, पोती सरकवली आणि खोकं खाली काढलं. उशी झटकली. तिच्या बसण्यानं उशीला मध्ये खोलगा पडला होता, तो झटकूनही तसाच राहिला. खोकं मी फिकट चौकोनावर ठेवलं. नेमकं बसलं. मग मी त्यावर बसले.

भाऊ आले. मला बघितलं, उशी बघितली. त्यांनी भारा बांधला, धागे अडकवले. मी चाक फिरवलं. ते दहा पावलं मागे गेले आणि थांबले.

"वहिनी, बोला की काहीतरी. मला मागचं दिसत नाही."

"काय बोलू?"

"दिसेल ते."

मग मी दिसेल ते बोलायला लागले. सरळ या. उजवीकडे दगड आहे, छोटा. कोंबडी आडवी गेली. गेली. या. रस्त्यावर शिंप्याची सायकल आहे, तो तुमच्याकडे बघतोय. "बघू दे," भाऊ म्हणाले. खुंटीशी मी बास म्हणाले, ते थांबले. माझा घसा तीन फेऱ्यांत बसला. ती हे दिवसभर कसं करायची कुणास ठाऊक, आणि वर भांडायची.

तीन-चार दिवसांत भाऊ तिच्याबद्दल बोलायला लागले. जवळ असताना हळू, लांब गेले की मोठ्यानं, त्याच जुन्या रीतीनं. ती चाक फिरवताना चपला काढून ठेवायची. तिला माझा, म्हणजे माझा, हेवा वाटायचा, माझ्या हौदाला सावली होती म्हणून. "आणि घोरायची," हे त्यांना खुंटीपाशी असताना आठवलं, त्यामुळे ते ओरडूनच सांगावं लागलं. फणीवर वाकलेली मावशी हसली आणि मग पदरानं डोळे पुसत बसली. आम्ही कुणी कुणाला गप्प केलं नाही.

रोज फेरी सुरू होताना, भाऊ हातभर अंतरावर असताना, मी ठरवायचे की आता सांगायचं, हळूच, दोघांपुरतं. पीळ पडायला लागायचा, ते मागे जायचे, आणि माझ्या तोंडून कोंबडी आणि दगडच निघायचे. मला भीती होती की ते काम सोडून जातील. त्याहून मोठी भीती होती की जाताना माझ्याकडे बघतील.

मग एक दिवस दारात पाच-सहा माणसं होती. हेही तिथंच दोर मोजून देत होते. भाऊ निघाले. दहा पावलं, वीस, तीस. साठ हातांवर असताना ते म्हणाले, "त्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला होता. मी 'काय म्हणालीस' विचारलं. तिला परत ओरडायला लावलं मी."

आता हळू बोलून त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. माझी हळू बोलायची वेळ मीच घालवली होती. मी ओरडून म्हणाले, "भाऊ, तिनं मला सुट्टी मागितली होती. सकाळीच. अंग गरम आहे म्हणाली. मी हात लावून बघितला. गरम होतं. मी म्हणाले, तीन दोर होऊ देत, मग जा."

यांच्या हातातला दोर तसाच राहिला. भाऊ थांबले नाहीत. फेरी मध्येच सोडता येत नाही, पीळ सुटतो. त्यांची बोटं धागे सोडत राहिली, पाय मागे पडत राहिले. मी चाक फिरवत राहिले. माझे डोळे पाण्यानं भरले आणि मला खुंटी दिसेनाशी झाली. रेघही दिसेना, टाचाही दिसेनात, नुसता एक माणसाएवढा काळसर डाग हलत होता. हात चाकावर होते. खांद्याला डोळे घासले तरी दिसेना. मी अंदाजानं ओरडले, "बास! भाऊ, बास!"

ते थांबले. जरा वेळानं त्यांचा आवाज आला, "अजून दोन पावलं आहेत, वहिनी."

म्हणजे वाट किती उरली ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं. पंचवीस वर्षं चाललेले पाय, दोन पावलांचाही हिशेब चुकत नव्हता. मग मोटरीच्या दिवशीही वाट संपल्याचं त्यांना ठाऊक असणार. हे मला त्या क्षणी कळलं आणि चाकाच्या दांड्यावर माझी मूठ आवळली गेली.

ते दोन पावलं मागे गेले. पदर खुंटीला बांधला. आणि वाटेनं चालत परत आले, पुढे तोंड करून. त्यांना असं समोरून चालत येताना मी कधी नीट बघितलं नव्हतं. सरळ चालताना ते जरासे लंगडतात. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी मान वर केली नाही. मला त्यांचे पाय दिसत होते, भेगा पडलेले, टाचा झिजून गोल झालेल्या.

"आधी मला म्हणाली होती," ते म्हणाले. हळू म्हणाले, दारातल्या कुणाला ऐकू गेलं नसेल. "घरीच. चहा पिताना. मी म्हणालो, आजचं काम होऊ दे, लोक खोळंबलेत. मग तिनं तुम्हाला विचारलं."

त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही, आणि मी तरी त्यांना माफ करणारी कोण. मावशीची फणी थांबलेली होती. दारात कुणीतरी खोकलं. मग ते वाकले, वाखाचा नवा भारा उचलला, कमरेला गुंडाळला, गाठ मारली. चार धागे काढून आकड्याला अडकवले. हे करताना त्यांचे हात माझ्या हातांच्या अगदी जवळ होते.

"फिरवा," ते म्हणाले.

मी चाक फिरवलं. त्यांनी पहिलं पाऊल मागे टाकलं आणि थबकले.

"मागे काय आहे?"

मी डोळे पुसले. नीट पुसले, दोन्ही हातांनी, चाक क्षणभर सोडून. मग त्यांच्या टाचांमागे बघितलं, शंभर हात, खुंटीपर्यंत.

"काही नाही," मी म्हणाले. "वाट आहे. या."